चिरी जुळेपर्यंत

कॅमेरा लगेच डोळ्याला लावू नका. मिटलेलाच मांडीवर ठेवा आणि त्यावरून हात फिरवा. पोलरॉइडचा एसएक्स-७०. वरचं चामडं खरं आहे. कडेचा सांगाडा पोलादी वाटतो, पण ते मुलामा दिलेलं प्लॅस्टिक आहे. १९७२ साली एडविन लँड यांनी हा कॅमेरा जगापुढे ठेवला, तेव्हा तो कोटाच्या खिशात मावलाच पाहिजे असा त्यांचा हट्ट होता, आणि तो त्यांनी पुरा केला. आता व्ह्यूफाइंडरची टोपी चिमटीत धरा आणि वर उचला. सगळा कॅमेरा एका दमात उभा राहतो, बाजूची पट्टी खट् करून जागी बसते.

एवढंच. हात पुन्हा मांडीवर.

आतल्या पाकिटात आठ फोटो आहेत. पूर्वी दहा असत. बॅटरीही त्याच पाकिटात, फिल्मच्या खाली चपटी होऊन बसलेली. आठ म्हणजे फार नव्हेत, आणि पाकीट स्वस्तही नसतं. एका लग्नात मोबाइलवर शेकड्यांनी फोटो काढणाऱ्या बोटाला हे आठ सुरुवातीला जाचतात. जाचू द्या.

लँड यांनी आपल्या हातून काय काय काढून घेतलं, ते एकेक करून आठवा. उजेड किती आहे हे कॅमेऱ्याचा विजेवरचा डोळा मोजतो. झडप किती वेळ उघडी ठेवायची, छिद्र किती बारीक करायचं, हे तोच ठरवतो. रसायनाची पुडी दोन रुळांमध्ये चिरडणं, ते रसायन सगळीकडे सारखं पसरणं, फोटो बाहेर सरकवणं, ही सगळी मोटरची कामं. याआधीच्या पोलरॉइडमध्ये कागद ओढावा लागे, घड्याळ बघत थांबावं लागे, मग एक थर सोलावा लागे आणि हाताला चिकट लागे ते वेगळंच. ते सगळं गेलं. फोटो थोडा फिका किंवा गडद करायची एक चकती आहे, ती सध्या मधोमध असू द्या, तिच्याकडे लक्ष नको. बाकी तुमच्यापाशी दोनच गोष्टी राहिल्या. कुठे बघायचं, आणि एक काळं दातेरी चाक.

इतकं सगळं स्वयंचलित करणाऱ्या माणसाने हे चाक मात्र माणसाच्या बोटाखाली ठेवलं. पुढे सहा वर्षांनी तेही काढून घेतलं गेलं, पण त्याची गोष्ट नंतर.

तर्जनी चाकावर ठेवा. डोळे मिटा. चाक एका टोकापर्यंत न्या, अडेल तिथे थांबा. हे अनंत. डोंगर, ढग, समोरच्या इमारतीवरची टाकी, सगळं या टोकाला. आता उलट फिरवा, हळू, दुसऱ्या टोकाला अडेपर्यंत. हे २६ सेंटिमीटर, म्हणजे पुस्तक वाचताना डोळ्यापासून जेवढं लांब धरतो त्याच्या आसपास. लेन्समध्ये चार काचा आहेत. या सगळ्या फिरण्यात त्यातली फक्त सर्वांत पुढची काच जराशी पुढेमागे होते. बाकीच्या तीन जागच्या हलत नाहीत.

पुन्हा एकदा अनंताकडून निघा, आणि या वेळी बोटाला काय कळतं ते बघा. अनंतापासून मीटरभर अंतरापर्यंत यायला चाक थोडंच फिरतं. उरलेला बहुतेक सगळा फेर शेवटच्या पाऊण मीटरसाठी राखलेला आहे. दूरची टेकडी आणि त्याहून दूरची टेकडी यांत चाकाला काही फरक वाटत नाही. जवळचं माणूस एक पाऊल आणखी जवळ आलं, तर मात्र बोटाला बरंच काम पडतं.

डोळे उघडा.

आता व्ह्यूफाइंडरला डोळा लावा. बटणावर बोट नको. दिसतं ते थोडं मंद असतं, कडांना अंधारलेलं. या लेन्सचं छिद्र पूर्ण उघडलं तरी एफ/८ च, आणि ती प्रतिमा आरशावरून, मग तळाच्या बारीक खाचांच्या पडद्यावरून, परत आरशावरून, मग आणखी एका वळणदार छोट्या आरशावरून डोळ्यापर्यंत येते. एवढ्या उड्या मारून आलेल्या उजेडाकडून झगमगाटाची अपेक्षा ठेवू नये.

चौकटीच्या खालच्या भागात, मधोमध, एक लहानसं वर्तुळ दिसेल. त्याच्या पोटातून एक आडवी रेघ गेलेली आहे. वर्तुळात कुठलीही उभी कड आणा: दाराची चौकट, टेबलाचा पाय, विजेचा खांब. अंतर चुकलेलं असेल तर ती कड आडव्या रेघेपाशी तुटते. वरचा तुकडा एकीकडे, खालचा दुसरीकडे. चाक फिरवा, तुकडे सरकतील. एकमेकांवर आले की त्या कडेचं अंतर लागलं.

आडव्या वस्तूला हे वर्तुळ काही सांगत नाही. समोर नुसती खिडकीची पट्टी किंवा पायरी असेल तर कॅमेरा थोडा तिरका करा, कड तुटताना दिसू लागेल. अंतर लावा, मग पुन्हा सरळ करा. वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडला, तर कॅमेऱ्याला दोष देऊ नका. डोळा मधोमध नाही एवढाच त्याचा अर्थ. चष्मेवाल्यांना हे जास्त भोगावं लागतं. डोळा केसभर वर, केसभर खाली करून बघा. दोन्ही अर्धी सारखी उजळली की तिथेच राहा.

१९७२ च्या पहिल्या कॅमेऱ्यांत हे वर्तुळ नव्हतंच. साध्या पडद्यावरची प्रतिमा बघून, ती कुठे रेखीव होते ते ओळखून चाक थांबवायचं. अनेकांना ते जड गेलं आणि थोड्याच काळात तुटलेल्या रेघेचं हे वर्तुळ पडद्यात आलं. मला पहिल्या पद्धतीतली श्रीमंती कळते, पण रोजच्या वापरात मी वर्तुळाच्या बाजूचा आहे. धूसर आणि कमी धूसर यांत डोळा स्वतःची समजूत फार लवकर काढतो. तुटलेल्या रेघेपुढे त्याची लबाडी चालत नाही.

आता समोर कोणाला तरी बसवू. तुमच्या घरातली काकू, मावशी, आजोबा, कोणीही चालेल. मी माझ्या आत्याला बसवतो. जुन्या घराची चौकाकडे उघडणारी खिडकी, तिला लोखंडी गज. आत्या आतल्या बाजूला खिडकीला लागूनच्या पलंगावर बसली आहे आणि समोर कापसाचा डबा घेऊन वाती वळते आहे. तिच्या मागे, खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर, कालनिर्णय. तुम्ही बाहेर ओट्यावर. गज तुमच्यापासून हात-दीड हातावर, आत्या साधारण मीटरभरावर, भिंत आणखी दोन-अडीच मीटर मागे. उजेड तुमच्या पाठीकडून, चौकातून तिच्या तोंडावर पडतो आहे. बरा उजेड आहे, पण उन्हाचा नव्हे.

अजून काही निवडू नका. चाक जवळच्या टोकाला न्या आणि तिथून हळूहळू दूर निघा.

आधी गज येतात. त्यांच्यावरचे रंगाचे पोपडे, एका गजावर वाळलेला चुन्याचा ओघळ. आत्या या वेळी फक्त रंग आहे, हिरवा आणि गव्हाळ. थांबा इथे थोडं. गज बघून घ्या. ते नको म्हणून पुढे जाण्याआधी ते आहेत हे कबूल करा.

पुढे चला. गज विरघळायला लागतात, रुंद आणि पारदर्शक होत जातात. मग आत्याची बोटं, त्यांच्यातला कापूस. मग तिचा चेहरा. मग तोही मऊ होतो आणि दूरवरून भिंत जमायला लागते. कॅलेंडरचे चौकोन दिसतात, त्यातल्या एकावर दुधाच्या हिशेबाची खूण, शेवटी खिळासुद्धा.

याच वाटेने उलट या. भिंत, चेहरा, बोटं, गज. पुन्हा जा. समोर काहीही बदललेलं नाही. आत्या तीच, खिडकी तीच. प्रत्येक वेळी एक पातळ पडदा तेवढा रेखीव होतो आणि तो पडदा तुम्ही चाकाने पुढेमागे सरकवता आहात.

तो किती पातळ आहे, हे एकदा समजून घ्यायला हवं. छिद्र पूर्ण उघडं असताना मीटरभरावर रेखीव दिसणारा पट्टा साधारण वीतभर खोल असतो. २६ सेंटिमीटरवर गेलात तर तो एका बोटाच्या जाडीएवढाच उरतो. नुसता चेहरा चौकटीत भरेल इतक्या जवळ गेलात तर दोन बोटं, म्हणजे डोळे रेखीव आणि कान मात्र गेले. भर उन्हात कॅमेरा आपोआप छिद्र बारीक करतो आणि पट्टा चांगला रुंद होतो; म्हणून उन्हातले फोटो अंदाजपंचे लावलेल्या चाकालाही निभावून नेतात. सावलीत तशी माफी नाही. आणि तुम्ही व्ह्यूफाइंडरमधून बघता तेव्हा छिद्र नेहमीच पूर्ण उघडं असतं, त्यामुळे उन्हातसुद्धा दिसतो तो सर्वांत कडक हिशेब.

आता ठरवा.

नाही, चाक नको. चाक सोडा, कॅमेरा खाली घ्या आणि साध्या डोळ्यांनी आत्याकडे बघत ठरवा. चाक फिरवायला कोणालाही येतं. ते थांबवता येत नाही, कारण कशासाठी थांबायचं हे ठरलेलं नसतं. मी अनेकांना हा कॅमेरा हातात देऊन बघितला आहे. चांगल्या नजरेची माणसंही चाक पुढेमागे, पुढेमागे करत राहतात आणि म्हणतात, नीट दिसत नाहीये. दिसत असतं. त्यांना गजही हवे असतात, आत्याही हवी असते आणि जमलं तर कॅलेंडरही. वर्तुळ या बाबतीत तुम्हाला मदत करणार नाही. रेघ जुळली की नाही, एवढंच ते सांगतं. कुठली रेघ, ते विचारू नका.

उलट इथे वर्तुळाचा थोडा धोकाच आहे. त्याला सोप्या रेघा आवडतात. या खिडकीत कॅमेरा उचलला की पहिल्याप्रथम वर्तुळात येतो तो गज: काळा, उभा, ठसठशीत. तो तुटतो पण झोकात आणि जुळतो पण झोकात. बोटाला समाधान वाटतं, ते बटणाकडे जायला लागतं. आणि फोटोत येतो एक उत्तम गज, ज्याच्या मागे कोणीतरी बाई बसलेली असावी.

खिडकीवरून आंद्रे कर्टेस आठवतो. हंगेरीत जन्मलेला, पॅरिस आणि मग न्यूयॉर्कमध्ये आयुष्य काढलेला हा छायाचित्रकार. १९७७ मध्ये त्याची पत्नी एलिझाबेथ गेली. त्यानंतर, वयाची ऐंशी उलटलेली असताना, त्याने न्यूयॉर्कच्या आपल्या घरातल्या खिडकीपाशी एसएक्स-७० ने फोटो काढले. त्यांतल्या कितीतरी फोटोंत काचेचा एक छोटा अर्धपुतळा आहे. त्याच्या मानेची आणि खांद्यांची ठेवण त्याला एलिझाबेथसारखी वाटली होती. १९८१ मध्ये या फोटोंचं ‘फ्रॉम माय विंडो’ हे पुस्तक निघालं.

त्या खिडकीपाशी क्षणभर त्याच्या जागी उभे राहा. समोर काचेचा पुतळा, ज्याला स्वतःचा रंग नाही. त्याच्या पोटात आकाश आणि बाहेरच्या इमारती वाकून उतरलेल्या. त्याच्या मागे तावदान, तावदानामागे शहर. हे सगळं एकाच जागी आहे असं वाटतं आणि प्रत्येकाचं अंतर वेगळं आहे. पारदर्शक वस्तूवर फोकस लावायचा म्हणजे तिच्या पलीकडचं दिसत असताना अलीकडे थांबायचं. काचेला स्वतःची अशी एकच गोष्ट असते, ती म्हणजे तिची कड, खांद्याची ती बाहेरची रेषा. पोलरॉइडने १९७८ मध्ये सोनारवाला कॅमेरा आणला; तो माणसाला ऐकू न येणारा आवाज पाठवतो, परत आलेल्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजतो आणि चाक स्वतः फिरवतो. अंधारातही चालतो. पण खिडकीतून बाहेरचं शहर टिपायला लावलं तर आवाज तावदानावर आपटून परत येतो आणि कॅमेरा तावदानाचं अंतर लावून मोकळा होतो. म्हणून त्यातही हाताने चाक फिरवायची सोय ठेवावी लागली.

आत्याकडे परत येऊ. ठरलं? मी ठरवलं आहे: चेहरा.

मग चेहऱ्यावर उभी रेघ शोधायला हवी. माणसाच्या चेहऱ्यावर अशी रेघ सहज सापडत नाही, सगळे उतार असतात. चष्म्याच्या फ्रेमची बाजूची कड बरी. केसांचा भांग चांगला, पण तो डोळ्यांच्या बराच मागे. नाकाची कड मोहात पाडते, मात्र शेंडा धरलात तर डोळे मागे राहतात. आत्या कुंकवाची टिकली लावत नाही, चिरी लावते. तिच्या सासरच्या घरची रीत. दोन भुवयांच्या मधोमध, वर निमुळती होत जाणारी, नखाएवढी उभी लाल चिरी. याहून चांगली रेघ या कॅमेऱ्याला कोण देणार?

कॅमेरा उचला. दोन गजांच्या मधून वर्तुळ तिच्या कपाळावर न्या. वर्तुळ चौकटीत खाली असल्याने कॅमेरा जरा वर कलवावा लागेल. चिरी बारीक दिसते, पण दिसते. ती तुटलेली आहे. वरचा तुकडा डावीकडे, खालचा उजवीकडे, मधे कपाळाची एक फट.

चाक फिरवा. तुकडे जवळ येतात. जुळले असं वाटेल तिथे थांबू नका, तसेच पुढे जा. चिरी आता दुसऱ्या बाजूला तुटेल. मग परत या. तंबोरा लावणारा मणी सरकवताना सुराच्या जरा पलीकडे जातो आणि मग खाली येतो, कारण सूर कुठे आहे हे त्याला दोन्ही बाजूंनी ऐकायचं असतं. तसंच. पलीकडे जा, अलीकडे या, पुन्हा थोडं कमी पलीकडे, थोडं कमी अलीकडे. फेरे लहान होत जातात. एका जागी चिरी अखंड होते आणि बोटाला कळतं की आता इकडे किंवा तिकडे गेलं तर ती मोडेल.

इथे चाकाचं काम संपलं. बोट चाकावरून काढा.

आता तुमच्या लक्षात येईल की चाकाला हात न लावताही चिरी हलते आहे. तुटते, जुळते, परत तुटते. हे तुमचं अंग आहे. उभा माणूस कधी स्थिर नसतो. टाचेवरून चवड्यावर, चवड्यावरून टाचेवर डुलत असतो, छाती श्वासाबरोबर पुढे येते आणि मागे जाते. एरवी याची नोंद कोणी घेत नाही. मीटरभरावर वीतभर माफी आहे म्हणून इथे ते खपूनही जाईल. फुलापाशी, २६ सेंटिमीटरवर, याच डुलण्याने फोटो जातो. तिथे मी चाक एकदा लावून टाकतो आणि मग त्याला हात लावत नाही. कमरेतून पुढेमागे होत अंगच फोकस करतं.

पाय थोडे फाका. कोपरं बरगड्यांना टेकवा. श्वास घ्या, सोडा, आणि सोडल्यानंतर जो एक रिकामा क्षण असतो तो ओळखून ठेवा. दाबायचं ते तिथे. पण अजून नाही.

कारण वर्तुळ कपाळावर धरल्यामुळे चौकट भलतीच झाली आहे. आत्याचे हात कापले गेले, वर उगाच छत आलं. कॅमेरा खाली कलवा, चौकट हवी तशी होऊ द्या. फक्त कलवा. या वेळी पाऊल पुढे टाकायची किंवा मान पुढे काढायची फार इच्छा होते, ती होऊ देऊ नका. चिरीचं आणि लेन्सचं अंतर आता तुमच्या पायांनी सांभाळायचं आहे.

आत्याकडेही बघा. वाती वळताना तिचे हात चालू असतात, पण मान एका जागी असते. वर बघ म्हणालात तर ती वर बघेल, आणि कपाळ मागे जाईल. म्हणून काही बोलू नका. तुम्ही चिरी लावलीत ती या वाकलेल्या मानेची.

श्वास सोडा. दाबा.

दाबल्याबरोबर फोटो निघत नाही. बघण्यासाठी उघडी असलेली झडप आधी बंद होते. ज्या पडद्यावर तुम्ही आत्तापर्यंत आत्याला बघत होतात, तो पडदाच वर उचलला जातो. त्याच्या पाठीला आरसा आहे; खाली फिल्म वाट बघत असते. मग झडप पुन्हा उघडते आणि आरशावरून वळलेला उजेड फिल्मवर पडतो. बोट आणि फोटो यांच्या मधे हा एवढा संसार घडतो, आणि तेवढा वेळ तुमच्या डोळ्यापुढे अंधार असतो. चिरी जुळलेली तुम्ही पाहिलीत ती एका पृष्ठभागावर, उमटली ती दुसऱ्याच. दोन्हींची अंतरं तंतोतंत सारखी ठेवणं हे कॅमेरा जोडणाऱ्याचं काम, आणि जुना कॅमेरा कोणी उघडून परत जोडला असेल तर तिथेच शंका धरावी. खात्री हवी असेल तर जमिनीवर मोजपट्टी लांबवर अंथरून, तिच्या एका आकड्यापाशी उभी काडी ठेवून, काडीवर फोकस लावून एक फोटो खर्ची घाला. त्यात भलताच आकडा रेखीव आला तर दोष तुमच्या डोळ्याचा नव्हे.

त्या अंधाराच्या वेळात हलू नका. आवाज पूर्ण संपेपर्यंत, मोटर फोटो बाहेर ढकलून गप्प होईपर्यंत तसेच उभे राहा. या उजेडात झडप सेकंदाच्या विसाव्या-पंचविसाव्या भागापर्यंत उघडी राहू शकते, आणि बटण दाबलं की काम झालं असं समजून मोकळं होणारे हातच सगळ्यात जास्त फोटो बिघडवतात.

बाहेर आलेला चौकोन लगेच उजेडापासून झाका. झटकू नका, ती सवय जुन्या, सोलायच्या फोटोंची, इथे तिचा उपयोग नाही. रंगीत फोटोला सुमारे १५ मिनिटं लागतात. फिल्मला १३ ते २८ अंश तापमान मानवतं. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ते मिळणं कठीण. उन्हाळ्यात फोटो पिवळट-तांबूस होतात. पाकीट फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात ठेवावं आणि काढलेला फोटो घरातल्या सर्वांत गार जागी. आत्याने तो माझ्या हातातून घेतला आणि कापसाच्या डब्यात, वातींच्या खाली, पालथा घालून झाकण लावलं. यापेक्षा बरी सोय माझ्याकडे नव्हती.

ही १५ मिनिटं मोकळी नसतात. त्यांत मनाने मागे जाता येतं. फोटो धूसर आला, तर कसा धूसर येईल? फोकस चुकलेल्या फोटोत काही ना काही रेखीव असतंच. आत्या मऊ आणि गज धारदार, किंवा आत्या मऊ आणि कॅलेंडर वाचता येतं. तुम्ही जिथे थांबलात तिथलं ते रेखीव झालेलं असतं, कॅमेऱ्याने तुमचं ऐकलेलं असतं. हात हललेल्या फोटोत मात्र काहीच रेखीव नसतं, आणि सगळी अस्पष्टता एकाच दिशेला ओढलेली असते, प्रत्येक ठिपक्याला तेवढ्याच लांबीची शेपटी. आणि फक्त आत्या धूसर, बाकी तिच्या आसपासचं तिच्याच अंतरावरचं सगळं ठीक असेल, तर आत्या हलली. तीन वेगळे आजार, तीन वेगळी औषधं. लोक तिन्हींवर चाकच फिरवत बसतात.

आत्याने मधेच दोनदा झाकण उघडून पाहिलं. मी तिला अडवलं नाही.

शेवटी फोटो बाहेर आला. आठ सेंटिमीटरपेक्षा जरा कमी असा चौकोन. चिरी तिथे होती, टोकाला निमुळती झालेली, तिची वरची कड किंचित फिसकटलेली, जशी बोटाने लावताना होते तशी. खालच्या पापण्यांची घडी, चष्म्याच्या काडीवर गुंडाळलेला दोरा. गज दोन पुसट सावल्या झाले होते. कॅलेंडर एक लाल-पांढरा डाग. हात पट्ट्याच्या पुढे राहिले होते, शिवाय ते चालूच होते, त्यामुळे बोटं आणि कापूस मिळून एक ढगासारखं काहीतरी मांडीवर उरलं होतं. मला तो ढग आवडला.

आत्याने फोटो लांब धरला, मग जवळ आणला, मग खिडकीकडे तोंड करून पुन्हा लांब धरला.

“तोंड कशाला एवढं स्वच्छ काढलंस? तोंड रोज बघतात सगळे,” ती म्हणाली. “वाती कुठे आहेत माझ्या? सकाळपासून वळतेय.”

मी तिला पट्टा किती पातळ असतो ते सांगायला सुरुवात केली. वीतभर, पुढे हात, मागे भिंत, वगैरे. तिने अर्धवटच ऐकलं. डब्यातून एक वळलेली वात घेतली, दोन बोटांच्या चिमटीत गजाच्या आतल्या बाजूला सरळ उभी धरली आणि हनुवटीने कॅमेऱ्याकडे खूण केली.

“हिच्यावर लाव. आणि मघासारखा वेळ लावू नकोस, मला कुकर चढवायचाय.”